केंद्रकात भिंती नसतात

डॉ. नीलांबिका मंद्रूपकर यांच्याबद्दल दोन पानं लिहून पाठवा, असा निरोप मला मागच्या महिन्यात आला. मॅडम निवृत्त झाल्या, गौरवअंक निघतो आहे, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी हव्या आहेत. मी काही पाठवलं नाही. माझ्याकडं जे होतं ते दोन पानांत मावणारं नव्हतं आणि गौरवअंकात तर मुळीच बसणारं नव्हतं. म्हणून ते इथं लिहिते.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकते. पेशीच्या केंद्रकाबद्दल सोलापुरात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. पुण्यातले लोकही त्यांना फोन करून विचारत. एका सामान्य बाईवर मी सूड उगवते आहे, असं कुणाला वाटायला नको. त्या सामान्य नव्हत्या. सामान्य माणसाच्या हातून इतकं नुकसान होत नाही.

उंच, काटक, कायम इरकल नेसलेल्या. उन्हाळ्यात सगळं कॉलेज घामानं भिजलेलं असताना त्यांच्या पदराची घडी मोडलेली मी पाहिली नाही. त्यांच्या खोलीत एकच खुर्ची होती, त्यांची. बाकीच्यांनी उभं राहायचं. दुपारी बरोबर एक वाजता त्या डबा उघडत. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वाटीभर दही. दार उघडंच असे. त्या वेळी कुणी काही विचारायला गेलं तर त्याला जायला सांगत नसत आणि बोलतही नसत. भाकरी संपेपर्यंत त्यानं समोर उभं राहायचं. सूक्ष्मदर्शकाची भिंगं त्या रोज सकाळी स्वतः पुसत. भिंगावर बोटाचा ठसा दिसला तर आम्ही सगळे हात पुढं करून ओळीत उभे राहायचो, शाळेत नखं तपासतात तसे.

घरी त्या कानडी बोलत. प्रयोगशाळेत कानडीतले दोनच शब्द ऐकू यायचे, ‘होगली बिडु’. म्हणजे जाऊ दे, सोड. त्यांच्या गावाकडं हे शब्द रडणाऱ्या पोराला म्हणतात. मॅडम ते कुणाचं तरी वर्षभराचं काम वाचून झाल्यावर वही मिटताना म्हणायच्या. ते शब्द ऐकून दोन जण प्रयोगशाळा सोडून गेले. तिसरी गेली नाही, तिच्याबद्दल पुढं सांगते.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला केंद्रक शिकवलं. आम्ही वीसेक जण असू.

“शाळेत पेशीचं चित्र काढलंय ना? मधला गोल म्हणजे न्यूक्लिअस. त्याला आवरण आहे, आवरणाला दारं आहेत. आत काय आहे?”

“डीएनए,” कुणीतरी म्हणालं.

“आणि?”

सगळ्यांनी वहीत बघितलं.

“आत खोल्या आहेत. एका खोलीत रायबोसोमची जुळणी चालते, ती न्यूक्लिओलस. एका ठिकाणी आरएनएची काटछाट करणारी मंडळी जमतात. एका ठिकाणी डीएनएच्या प्रती निघतात. आणि या खोल्यांना भिंती नाहीत. एक साधा पडदासुद्धा नाही. शिपाई नाही, पाटी नाही. तरी प्रत्येक एन्झाइम बरोबर आपल्याच खोलीत सापडतं. कसं?”

त्या थांबल्या. प्रश्न विचारून त्या खरोखर थांबायच्या, हे मला त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुठल्या शिक्षकात दिसलं नाही. मिनिटभर गेलं. मग म्हणाल्या, “पत्ता त्याच्या अंगातच असतो. एन्झाइम म्हणजे माळ. त्या माळेतला एक लहान तुकडा मुख्य दारातून आत घेतो. दुसरा तुकडा आतली खोली ठरवतो. गेटपास वेगळा, जागा वेगळी.”

इतकं स्वच्छ मला कुणी काही शिकवलं नव्हतं. मी लिहून घेत होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “आता हे कॉलेज घ्या. समजा उद्या सगळ्या भिंती पाडल्या. तुम्ही आपापल्या पायांनी कुठं जाऊन उभे राहाल?”

अक्कलकोटच्या नागेशकडं बोट दाखवून त्या म्हणाल्या, “हा कँटीनमध्ये.” सगळे हसले. माझी आई विडी कामगार बायकांची संघटना चालवते, हे त्यांना अर्जावरून ठाऊक होतं. “ही गेटवर. घोषणा देत.” पुन्हा हशा. मग शेवटच्या रांगेतल्या एका मुलीकडं वळल्या. “आणि तू? गाव कुठलं?”

“सांगोल्याच्या पल्याड हाय, मॅडम. आमची मेंढरं हायेत.”

“आहेत.”

“आहेत.”

“मग तू मेंढरांत.”

ही सुनंदा मेटकरी. हशा संपायची वाट पाहून मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, “रागावू नका कुणी. गेटपास सरकार देतं. जागा सरकार देत नाही.”

वर्गातले निम्मेअधिक जण राखीव जागांवरून आलेले होते. त्यांना हे कळलं आणि बाकीच्यांनाही कळलं. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे. ‘मान खाली घालू नका’ ही ओळ मी पहिलीच्या पुस्तकाच्या आधी वाचली. त्या तासाला मी मान खाली घालून पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले.

मॅडमचं नाव झालं ते एका शोधामुळं. तरुणपणी त्या परदेशात होत्या. डीएनएवर बारीक रासायनिक खुणा चिकटवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते केंद्रकात कुठं बसतं, हा प्रश्न होता. त्यांना ते न्यूक्लिओलसमध्ये सापडलं. त्यांनी त्या विकराचा पुढचा तुकडा कापला, तेव्हा ते केंद्रकभर भरकटलं. तोच तुकडा दुसऱ्या, काही संबंध नसलेल्या प्रथिनाला जोडला, तेव्हा ते प्रथिनही न्यूक्लिओलसमध्ये जाऊन बसलं. पत्ता सापडला. तो फोटो पाठ्यपुस्तकात आहे. काळा गोल आणि त्यात तीन ठळक ठिपके. मोठा करून तो त्यांनी खुर्चीच्या मागं लावला होता. आपण उभे असलो की नजर नेमकी त्यावर जायची.

तुकडा कापलेलं ते विकर परीक्षानळीत मात्र आपलं काम चोख करत असे. हे सांगताना मॅडम नेहमी एक पुस्ती जोडायच्या, “काम येतं, पण जागा नाही. अशी माणसं तुम्ही पाहिली असतील.” आणि समोरच्यांकडं बघायच्या.

नागेशनं त्याच विकरावर काम सुरू केलं. विकर दिसावं म्हणून त्याला एक चकाकणारं प्रथिन जोडतात. नागेशनं ते पुढच्या टोकाला जोडलं. त्याचं विकर न्यूक्लिओलसमध्ये गेलंच नाही, केंद्रकभर पसरलं. पोरगा फोटो घेऊन आनंदानं मॅडमकडं धावला. त्याला वाटलं, काहीतरी नवीन सापडलं.

मॅडमनी फोटो एकदा पाहिला. “पत्त्यावरच तिकीट चिकटवलंस. पोस्टमन काय करील?”

उपमा चोख होती. पुढं जे झालं त्याला उपमा नाही. त्या दिवसापासून महिनाभर, प्रयोगशाळेत जो कुणी येईल त्याला नागेशनं आपली चूक स्वतः समजावून सांगायची. बीएस्सीची मुलं आली, त्यांना सांगितली. तपासणीची समिती आली, त्यांना सांगितली. एकदा गॅसचा सिलिंडर बदलायला माणूस आला.

“सांग यांना,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, हे तर…”

“सांग.”

नागेश त्या माणसासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मी पत्त्यावर तिकीट चिकटवलं.” माणूस म्हणाला, “बरं,” आणि रिकामा सिलिंडर खांद्यावर टाकून निघून गेला. आम्ही हसलो. मीही हसले. दिवाळीनंतर नागेश परत आला नाही. आता तो चिंचोळी एमआयडीसीत गोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. एकदा भेटला तेव्हा म्हणाला, “तितं बरं हाय. चुकलं तर माल फेकत्यात, माणसाला उभं करत न्हाईत.”

मॅडमच्या बाजूनं लोक बर्फाची गोष्ट सांगतात, तीही सांगते. मे महिना. दुपारी वीज गेली, जनरेटर चालेना, पेशी ठेवलेलं शीतकपाट तापायला लागलं. मॅडम स्कूटर काढून बर्फाच्या कारखान्यावर गेल्या आणि गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या घेऊन आल्या. तीन खेपा केल्या. इरकलीतून पाणी गळत होतं, तळवे लालबुंद झाले होते. शीतकपाटात जास्त करून सुनंदाच्या पेशी होत्या. ती कावरीबावरी झाली.

“मॅडम, आमी आनला आस्ता की.”

“आणला असता,” मॅडमनी दुरुस्त केलं. “आणि तुझ्यासाठी नाही आणला. पेशींसाठी आणला.”

ही गोष्ट सांगणारे तीन खेपांवर थांबतात. मी शेवटच्या वाक्यापर्यंत सांगते, कारण ते वाक्य खरं होतं. त्यांना पेशींची काळजी होती. सुनंदाची नव्हती.

सुनंदा टिकली. तिला मॅडमनी सहा वर्षं जवळजवळ रोज दुरुस्त केलं आणि ती टिकली. तिच्या बोलण्यात आणि उभं राहण्यात मॅडमना चुका दिसत, कामात मात्र दिसत नसत. तिचा हात स्थिर होता. पेशी तिच्याकडं जितक्या तरारून वाढत तितक्या कुणाकडंच वाढत नसत. मॅडमनी आपलंच जुनं काम, चकाकणारं प्रथिन मागच्या टोकाला जोडून, नव्या, चांगल्या भिंगाखाली पुन्हा करायला तिला दिलं होतं. शोध पक्का करायचा, एवढंच.

आमच्या प्रयोगशाळेत एक शिरस्ता होता. काचेवर पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर बर्फाहून थंड अल्कोहोल ओतायचं. पेशी क्षणात मरतात आणि आतलं सगळं जागच्या जागी थिजतं, असं आम्ही धरून चाललो होतो. मग काच बंद करायची, फोटो घ्यायचा आणि काच लाकडी पेटीत वर्षवार ठेवून द्यायची. सूक्ष्मदर्शकावर मॅडमच्या अक्षरात चिठ्ठी होती, ‘जिवंत पेशी पाहण्यात वेळ घालवू नये. दिव्याचे तास मोजलेले आहेत.’ दिवा महाग होता आणि परदेशातून यायचा, त्यामुळं चिठ्ठीत काही चूक नव्हती. पंधरा वर्षं ती कुणी मोडली नाही. मॅडमनी स्वतः तो शोध लावला तेव्हा तर जिवंत पेशीत विकर दिसायची सोयच नव्हती. पेशी मारून, रंगवूनच बघावं लागे.

सुनंदानं चिठ्ठी मोडली. तिला खोड होती. जनावर घेताना आधी चालतं बघावं, म्हणायची. मारण्याआधी ती पेशींकडं मिनिटभर बघून घ्यायची.

एका दुपारी तिनं मला ओढत आत नेलं. “बघ गं. ठिपके कुटं हायेत?”

मी डोळा लावला. केंद्रकं दिसत होती. चकाकी त्यांच्यात सगळीकडं होती, पहाटेच्या धुक्यासारखी, कुठं दाट, कुठं विरळ आणि हळूहळू हलणारी. “नाहीत ठिपके,” मी म्हणाले.

“न्हाईत. आता डोळा काढू नगंस.”

तिनं कडेनं थंड अल्कोहोलचे थेंब सोडले. धुकं थरथरलं, आकसलं आणि बघता बघता तीन ठळक ठिपक्यांत जाऊन चिकटलं. खुर्चीमागचा फोटो माझ्या डोळ्यासमोर तयार झाला.

“हे आपन केलंय,” सुनंदा म्हणाली. “त्यांनी न्हाय.”

तिनं मला उलगडून सांगितलं. जिवंतपणी ते विकर कुठल्याच एका खोलीत राहत नाही. ते केंद्रकभर हिंडतं, काम असेल तिथं टेकतं आणि पुढं जातं. अल्कोहोल पडलं की प्रथिनं गोठतात, आणि या विकराचा पुढचा तुकडा सगळ्यांत चिकट. तो न्यूक्लिओलसला जाऊन चिकटतो. मॅडमना सापडला तो पत्ता नव्हता. मढं कुठं पडतं, ते त्यांनी शोधलं होतं. आणि नागेशच्या चकाकणाऱ्या प्रथिनानं तो चिकट तुकडा झाकला होता. त्याच्या पेशी मेल्यावरही खरं सांगत होत्या. सहा वर्षांत या खोलीतला एकच खरा फोटो त्यानं काढला होता, आणि तो चुकला म्हणून त्यानं सिलिंडरवाल्यासमोर कबुली दिली होती.

आता सुनंदाची गोष्ट अशी की जून अखेर तिच्या पीएचडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. प्रबंधावर मार्गदर्शकाची सही नसेल तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. तिच्या गावातून इतकं शिकलेलं कुणी नव्हतं. धाकट्या दोन बहिणी तिच्याकडं बघून शाळेत टिकून होत्या. सही मिळेल की नाही, एवढाच प्रश्न तिच्या आयुष्यात तेव्हा होता.

तरी ती मॅडमकडं गेली आणि म्हणाली, “मॅडम, एकदा बघा.”

मॅडमनी पाहिलं. थेंब पडला, धुकं आकसलं. त्या डोळा न काढता म्हणाल्या, “पुन्हा.” सुनंदानं दुसरी काच लावली. “पुन्हा.” सात वेळा. सातव्या वेळी त्या सरळ झाल्या. त्यांच्या डोळ्याभोवती भिंगाच्या रबराचा गोल वळ उमटला होता.

“तुझ्या पेशी आजारी आहेत,” त्या म्हणाल्या.

सुनंदाच्या पेशी आजारी नव्हत्या, आणि ते त्या खोलीत सगळ्यांत जास्त मॅडमना ठाऊक होतं. सुनंदानं काच बाजूला ठेवली. मग तिला जसं सुचलं तसं ती बोलली. “मॅडम, मेंढरं रातीला वाघरंत कोंडत्यात. जाळीचं कुंपन आस्तंय बगा, त्यात. कुनी रातीचं येऊन मोजली तर म्हनंल, मेंढरं हितंच ऱ्हात्यात. पर दिसभर ती रानात आसत्यात की. आपन वाघर टाकून मोजतोय.”

केंद्रकाबद्दल मी इतकं नेमकं वाक्य ऐकलेलं नाही, मॅडमकडूनही नाही. मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. मला क्षणभर वाटलं, आता मॅडम आपली खुर्ची पुढं ओढतील आणि म्हणतील, बस.

“रानात असतात,” त्या म्हणाल्या. “आसत्यात नाही. आणि घरची मेंढरं घरी ठेव.” वही मिटली. “होगली बिडु.”

सहीची अट दुसऱ्या दिवशी कळली. जिवंत पेशींचं प्रकरण प्रबंधातून काढायचं, मेलेल्या पेशींचं ठेवायचं. सुनंदानं फोन भिंगाला लावून काढलेले व्हिडिओ होते. मॅडमनी हात पुढं केला. “फोन दे.” मग विचार बदलला. “नको. तूच पूस. माझ्यासमोर.” सुनंदानं एकेक करून पुसले. मॅडम मोजत होत्या. सातवा पुसला तेव्हा त्यांनी सही केली. पेनाला टोपण लावताना म्हणाल्या, “अक्षर चांगलं आहे तुझं. बोलतेस तसं लिहीत नाहीस.”

मी त्या संध्याकाळी घरी जाऊन पत्रक लिहिलं. चार पानी. सत्याची हत्या, ज्ञानाची सरंजामशाही, सगळं त्यात होतं. सुनंदाला दाखवलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं. “झ्याक लिवलंयस. आता ह्ये छापून मला काय मिळंल?”

“न्याय.”

“त्यो तुला मिळंल गं. मला डिग्री पायजे.”

तोंडी परीक्षा जानेवारीत झाली. अशी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. सुनंदाचे वडील सांगोल्याहून पहाटेच्या एसटीनं आले होते. शेवटच्या खुर्चीवर पागोटं मांडीवर ठेवून बसले. मॅडम पुढं. पुण्याहून आलेले परीक्षक सभ्य गृहस्थ होते. सुनंदा तासभर बोलली. एकदाही ‘हाय’ म्हणाली नाही. ‘आहे’, ‘असतात’, ‘दिसून येते’. मागं बसलेल्या वडिलांना आपली मुलगी ओळखू येत होती की नाही, कोण जाणे.

शेवटी परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि म्हणाले, “एकच विचारतो. तुमचे सगळे फोटो अल्कोहोल दिलेल्या पेशींचे आहेत. तुम्ही जिवंत पेशी कधी पाहिल्यात?”

मी मॅडमकडं बघितलं. त्या सुनंदाकडं बघत नव्हत्या, समोरच्या फळ्याकडं बघत होत्या. सुनंदानं मात्र मॅडमकडं बघितलं, मग मागं वडिलांकडं, मग खाली.

“नाही सर,” ती म्हणाली. “पाहिल्या नाहीत.”

पाच मिनिटांनी ती डॉ. मेटकरी झाली. टाळ्या वाजल्या. वडिलांनी शेजारच्याला विचारलं, “झालं का?” आणि तो हो म्हणाल्यावर ते उठून उभे राहिले, पुढं काय करायचं ते न कळून तसेच उभे राहिले.

चहा द्यायचं काम माझ्याकडं होतं. परीक्षक कप घेताना सहज म्हणाले, “शेवटचा प्रश्न माझा नव्हता हं. काल फोनवर तुमच्या मॅडमच म्हणाल्या, हे जरूर विचारा.”

मी ट्रे तिथंच ठेवला आणि दोन कप उचलले. व्हरांड्यात मॅडम आणि सुनंदा दोघीच उभ्या होत्या. मी कप घेऊन गेले तेव्हा मॅडम बोलत होत्या, नेहमीच्याच आवाजात.

“सही मी कधीच दिली होती. ती मला परत घेता येत नव्हती. आज तू काहीही बोलली असतीस तरी मी तुझं काही करू शकले नसते. मी तुला दार उघडून दिलं होतं. मला वाटलं होतं, तू सांगशील.”

सुनंदाला रडू येईल असं मला वाटलं. ती रडली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा ती मॅडमशी दुरुस्तीची पर्वा न करता बोलली. “मॅडम, आदी मला सांगितलं आस्तं, का मी इच्यारायला लावनार हाय, तर मी सांगितलं आस्तं. तुमी मला खोटं बोलायला शिकिवलं आन मंग परीक्षा घेतली.”

मॅडमनी या वेळी दुरुस्त केलं नाही. कपातला चहा संपवला. “म्हणजे तुला सांगावं लागतं,” एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. सुनंदानं वडिलांना घेतलं आणि स्टँडवर गेली. आता ती एका तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवते. पाठ्यपुस्तकात आहे तसं शिकवते. तीन ठिपके.

त्याच दिवशी दुपारी मॅडमनी मला बोलावलं. पेशी वाढवायच्या खोलीची किल्ली माझ्याकडं होती. त्यांनी उबवणीच्या कपाटातून सुनंदाची शेवटची बशी काढली, स्वतः नेऊन भिंगाखाली ठेवली आणि डोळा लावला. अल्कोहोलची बाटली मागितली नाही.

मी दाराशी उभी राहिले. बराच वेळ गेला.

“या बाहेर किती वेळ जगतात?” डोळा न काढता त्यांनी विचारलं.

“तासभर, मॅडम.”

“मग तासभर थांब.”

त्या तासभर बघत होत्या. मध्ये एकदा उजव्या हाताचं बोट टेबलावर हळूहळू फिरत होतं, जसं कुणी तरी चालतंय आणि बोट त्याच्या मागोमाग जातंय. त्यांची पाठ मला इतकी वाकलेली कधी दिसली नव्हती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी काही बोलले असते तर त्या वेळी त्यांनी ऐकलं असतं, असं मला आजही वाटतं.

मग त्या उठल्या. बशी उचलली आणि ब्लीचच्या बादलीत बुडवली. द्रव नायट्रोजनच्या टाकीतून सुनंदाच्या साठ्यातल्या उरलेल्या दोन नळ्या काढल्या, त्याही बुडवल्या. धूर निघाला. त्या पेशी जगात दुसरीकडं कुठं नव्हत्या. हात धुतले, पुसले, भिंग पुसलं. रद्द केलेल्या पेशींचं रजिस्टर काढलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘संसर्ग’. सही केली.

संसर्ग नव्हता. पेशी स्वच्छ होत्या.

त्या रजिस्टरला दोन सह्या लागतात, एक प्रमुखाची आणि एक साक्षीदाराची. मॅडमनी रजिस्टर माझ्याकडं सरकवलं आणि पेन दिलं. माझा प्रबंध तेव्हा त्यांच्या टेबलावर होता, न वाचलेला. त्या खिडकीकडं तोंड करून पदराची घडी नीट करत उभ्या राहिल्या.

दुसरी सही माझी आहे.